दाखवासाहेबांची उभी बाज

आमच्या साखर कारखान्यात त्यांना नावानं कुणी ओळखत नव्हतं. पगारपत्रकावर नाव होतं, आणि मला ते ठाऊकही आहे, कारण पगारपत्रक मीच काढायचे. पण ते इथं लिहिलं तर ते असतील तिथून विचारतील, "कशावरून म्याडम? दाखवा." तेव्हा कारखान्यानं त्यांचं जे बारसं केलं होतं तेच बरं. दाखवासाहेब.

हुद्दा सेफ्टी ऑफिसरचा. कायद्यात आहे म्हणून ठेवलेला माणूस, असा त्या खुर्चीबद्दल सगळ्यांचा समज. त्यानं भिंतीवर 'सुरक्षा प्रथम' लिहून घ्यावं, वर्षातून एकदा सुरक्षा सप्ताहात रांगोळी स्पर्धा ठेवावी, बक्षिसाला चेअरमनसाहेबांच्या हस्ते स्टीलचे डबे द्यावेत आणि उरलेलं वर्ष गप बसावं. दाखवासाहेबांचा स्वतःबद्दल असा समज नव्हता, आणि सगळी भानगड तिथंच होती.

अंगानं किडकिडीत, मिशा भरघोस, शर्टाच्या खिशात पेनाऐवजी टॉर्च. कुठल्याही खुर्चीवर बसायच्या आधी ते ती दोन्ही हातांनी हलवून बघत. खुर्ची कुणाच्या घरची आहे, समोर यजमान उभा आहे, याचं त्यांना काही वाटत नसे. लग्नाला गेले की अक्षता हातात घ्यायच्या आधी मांडवाच्या दोऱ्या ओढून बघत, आणि वधूपित्याला बाजूला घेऊन आचाऱ्याचा गॅस कुठं ठेवलाय ते विचारत. वधूपिता आधीच घाबरलेला असतो. त्यामुळे कारखान्यातल्या लोकांनी त्यांना पत्रिका द्यायची आणि तारीख चुकून दुसरीच सांगायची, असा रिवाज पाडला होता.

एसटीत त्यांची जागा ठरलेली, संकटकालीन खिडकीशेजारी. ती उघडते का हे बघितल्याशिवाय ते बसत नसत. वसमतच्या गाडीत एकदा कंडक्टरनं हात जोडले होते, ते मी स्वतः बघितलंय.

"काका, खिडकी उघडते. म्या सांगून राहिलो ना."

"दाखवा."

"उघडली तर मंग बंद होत न्हाई, हो!"

"म्हंजी पावसाची तकलीफ हाय. जिवाची न्हाई. दाखवा."

खिडकी उघडली. ती खरोखरच बंद झाली नाही, आणि वसमतपर्यंत आम्ही सगळे वाऱ्यानं केस विस्कटून घेत गेलो. दाखवासाहेब मात्र तोंडभर हसत बसले होते.

'झालंय' या शब्दाचं आणि त्यांचं वाकडं होतं. आमच्या भागात काम विचारलं की तीन उत्तरं मिळतात, असं ते म्हणत. झालं, होऊन राहिलं, आणि होऊन जाईल. या तिन्हींचा अर्थ एकच, की अजून हात लावलेला नाही. फिटर असो की चीफ इंजिनीअर, कुणीही 'झालंय साहेब' म्हटलं की यांचा हात पुढं यायचा, प्रसाद मागितल्यासारखा. "दाखवा."

मी कारखान्यात कॉम्प्युटर ऑपरेटर म्हणून लागले तेव्हा आमचा जिल्हा परभणी होता. हिंगोली पुढं वेगळा झाला. सगळ्या कारखान्यात कॉम्प्युटर एकच, आणि तो चपला बाहेर काढून बघायचा होता. त्याच्या खोलीला एसी होता. त्यामुळे दुपारच्याला संचालकांपासून शेतकी विभागापर्यंत सगळ्यांनाच कॉम्प्युटरबद्दल जिज्ञासा वाटायची. दाखवासाहेब एसीसाठी आले नाहीत. ते दारात उभे राहिले, दार बाहेरच्या बाजूला उघडतं की आतल्या ते बघितलं, आणि म्हणाले,

"म्याडम, तुमच्या ह्या पेटीत सुतळी बसते का?"

मला वाटलं, हा माणूस चळला. पण त्यांनी मला ओढतच बॉयलर हाऊसशेजारच्या त्यांच्या खोलीत नेलं, आणि तिथं मी ती बाज पहिल्यांदा बघितली.

साधी लाकडी बाज. विणकाम काढून टाकलेलं, नुसता सांगाडा भिंतीला उभा टेकवलेला. घरात बाज उभी करून ठेवणं आमच्याकडं चांगलं मानत नाहीत. कामगारांनी तसं सांगितल्यावर ते म्हणाले होते, "म्हणूनच ठेवली. येता-जाता जरा भ्याव वाटलं पायजे." वरच्या दांडीवरून बऱ्याच सुतळ्या टाकलेल्या. पुढच्या बाजूला त्या सगळ्या मिळून एक जेवणाचा डबा तोलून धरायच्या. मागच्या टोकाला प्रत्येक सुतळीला एक पुठ्ठ्याची पाटी, पाटीवर बॉयलरच्या सुरक्षेचा एकेक नियम, आणि पाटीखाली एक रिकामा आकडा.

त्या आकड्यावर पुरावा लटकवायचा. कागद चालायचा नाही. जुनं गॅस्केट बदललं, तर ते जुनं गॅस्केट आणून लटकवा. पाण्याची पातळी दाखवणारी काच नवी बसवली, तर जुनी आणा. पुरावा हलका असेल तर त्याला ते नटबोल्ट बांधून वजन सारखं करत. सगळे पुरावे लटकले की डबा वर चढून सरळ राहायचा. एक जरी कमी पडला तर डबा तेवढ्या बाजूला कलायचा.

"नियमाच्या पुस्तकात लिव्हलंय, योग्य ती काळजी घ्यावी," ते म्हणाले. "आता योग्य म्हंजी किती? पावशेर का अर्धा किलो? म्हणून नियम फोडायचा. एकाचे चार करायचे, चाराचे आठ. जोवर आकड्यावर लटकवता येत न्हाई तोवर फोडत जायचं."

"आणि डबा कशाला?" मी विचारलं.

"सगळे नियम कशासाठी हायेत ते पुस्तकात कुठंच लिव्हलेलं न्हाई, म्याडम. म्हणून म्या टांगलं. सकाळी भरून आलेला डबा सांजच्याला रिकामा होऊन घरी गेला पायजे. संपलं. बाकी समद्या सुतळ्या."

डब्याच्या झाकणावर नाव कोरलेलं होतं, आपल्याकडं भांड्यांवर कोरतात तसं. 'किसन'. आमच्या कारखान्यात या नावाचा कुणी नव्हता. विचारल्यावर ते थोडा वेळ सुतळीची गाठ चाचपत राहिले. मग सांगून टाकलं. आधीच्या कारखान्यात किसन त्यांच्या हाताखाली होता. वाफेची नळी फाटली तेव्हा तो खाली उभा होता. चौकशी झाली, सगळ्या सह्या जागच्या जागी होत्या, नळी तपासल्याचीही सही होती. डबा भरलेलाच राहिला.

"द्यायला गेलतो मी घरी," ते म्हणाले. "तांड्याच्या वाटंवरूनच परत आलो. काय म्हणून देऊ? कागद समदे बराबर हायेत म्हणून देऊ?"

त्या दिवसापासून मी त्यांची टिंगल जरा जपून करू लागले.

कॉम्प्युटरचं म्हणाल तर मी प्रामाणिकपणे प्रयत्न केला. सगळे नियम चौकटीत बसवले, कुठला कशावर अवलंबून आहे त्याच्या रेघा काढल्या, आणि प्रत्येकासमोर 'होय' किंवा 'नाही' भरायची सोय केली. सगळे 'होय' झाले की खाली 'सुरक्षित' असं यायचं. मला माझंच कौतुक वाटत होतं. दाखवासाहेबांनी एक बोट पुढं करून एका नियमासमोर 'होय' टाकायला लावलं. मग दुसऱ्यासमोर. मग भराभर सगळ्यांसमोर. पडद्यावर 'सुरक्षित' आलं. बॉयलर त्या दिवशी दुरुस्तीसाठी अर्धा उघडून ठेवलेला होता.

"लई गरीब हाय हो तुमचा कॉम्प्युटर," ते कळवळून म्हणाले. "सांगंल ते ऐकतो."

माझ्या रेघांचा कागद त्यांनी छापून घेतला आणि बाजेशेजारी चिकटवला. निदान सुतळ्या गुंतल्या तर सोडवायला उपयोगी पडेल, म्हणाले.

बाजेवरची एक वस्तू सगळ्यांच्या आवडीची होती. शेषरावांचा चष्मा. शेषराव आमचे बॉयलर अटेंडंट, म्हणजे पाळीभर भट्टीसमोर उभं राहून पाण्याच्या काचेकडं आणि वाफेच्या काट्याकडं नजर ठेवणारे. अंगानं आडदांड, स्वभावानं गरीब. 'अटेंडंटनं पाण्याच्या पातळीवर लक्ष ठेवावे' हा नियम दाखवासाहेब फोडत फोडत गेले, आणि शेवटी 'अटेंडंटला दिसलं पायजे' इथपर्यंत आले.

"मला बराबर दिसतंय, साहेब," शेषराव म्हणाले.

"काय दिसतंय?"

"काच दिसतीय."

"पाणी कुठवर हाय?"

शेषराव थोडा वेळ बघत राहिले. "जितकं पायजे तितकं हाय."

दाखवासाहेबांनी त्याच दिवशी त्यांना मोटारसायकलवर मागं बसवून डोळ्यांच्या डॉक्टरकडं नेलं. नवा चष्मा आला. जुना आकड्यावर लटकला, सोबत तीन नट. शेषराव नव्या चष्म्यातून सगळं बॉयलर हाऊस फिरून आले आणि म्हणाले, "अबब, केवढी धूळ हाय हो हितं!" त्यानंतर ते घरीही प्रत्येक भांड्यातली धूळ दाखवू लागले. त्यांची बायको एकदा गेटवर येऊन दाखवासाहेबांना म्हणाली, "माझ्या माणसाचा जुना चष्मा परत द्या."

आता त्या दसऱ्याची गोष्ट. ती सांगितल्याशिवाय हा माणूस पुरा होत नाही.

साखर कारखान्यात हंगामाआधी बॉयलर पेटवायचा मोठा सोहळा असतो. अग्निप्रदीपन. चेअरमन सपत्नीक पूजेला बसतात, गुरुजी असतात, मंडप असतो, पेढे असतात. त्या वर्षी ऊसतोडीच्या टोळ्या येऊन उतरल्या होत्या, सभासदांच्या बैलगाड्या आवारात लागल्या होत्या, आणि मुहूर्त चुकवून चालणार नव्हतं. बॉयलर तर झेंडूच्या माळांनी असा मढवला होता की त्याचं लोखंड शोधावं लागत होतं. चेअरमनसाहेब पाटावर बसले, काकू शेजारी बसल्या, गुरुजींनी पळी उचलली, आणि गर्दीतून दाखवासाहेब पुढं आले.

"साहेब, पेटवू नगा. डबा वाकडा हाय."

"काय वाकडं हाय?" चेअरमनसाहेबांनी विचारलं.

"डबा."

चेअरमनसाहेबांनी आधी नैवेद्याच्या ताटाकडं बघितलं. मग चीफ इंजिनीअरनी कानाशी लागून कुठल्या डब्याबद्दल चाललंय ते सांगितलं, आणि चेअरमनसाहेबांचा चेहरा कुंकवापेक्षा लाल झाला.

"म्हंजी एवढा ऊस उभा हाय, एवढी माणसं आलीत, अन् तुमचा डबा वाकडा हाय म्हणून म्या कारखाना बंद ठेवू? काहून? सह्या झाल्यात का न्हाई?"

"सह्या झाल्यात," चीफ इंजिनीअर म्हणाले.

"सह्या म्या बी बघितल्या," दाखवासाहेब म्हणाले. "एक गॅग आला न्हाई."

हे गॅग प्रकरण सांगायला हवं. बॉयलरच्या माथ्यावर सेफ्टी व्हॉल्व्ह असतात. आत वाफ जास्त झाली की ते आपोआप उघडतात आणि जादा वाफ बाहेर सोडतात. हंगामाआधी बॉयलरमध्ये दाबानं पाणी भरून त्याची चाचणी घेतात, तेव्हा ते उघडू नयेत म्हणून प्रत्येकाला वरून लोखंडी शिकंजा आवळतात. त्याला आम्ही गॅग म्हणायचो. चाचणी झाली की शिकंजा काढायचाच. तो राहिला तर तो व्हॉल्व्ह असून नसल्यासारखा. काडी लावल्या लावल्या बॉयलर फुटला नसता, हे खरं. पण एकदा भट्टी पेटली, दाब चढत गेला, की तापलेल्या माथ्यावर चढून बघणार कोण? आणि खाली उभे असणार शेषराव.

"आजच्या आज हिशेब करून टाका यांचा," चेअरमनसाहेब म्हणाले. "उद्यापासून येऊ नगा."

"उद्यापासून न्हाई येत," दाखवासाहेब म्हणाले. "आज गॅग दाखवा."

आवाज साधा होता. पण घरी लग्नाची मुलगी होती आणि पन्नाशी उलटून गेली होती. त्या वयात दुसरी नोकरी कोण देणार होतं? मला त्यांचा राग आला, काळजी वाटली, आणि त्यांनी मागं सरकू नये असंही वाटलं. तिन्ही एकदमच.

फिटर गणपतला पुढं ढकलण्यात आलं.

"गॅग काढला का रे?" चीफ इंजिनीअरनी विचारलं.

"झालंय साहेब."

"दाखवा," दाखवासाहेब म्हणाले.

गणपतनं डोकं खाजवलं. "म्हंजी... झाल्यातच जमा हाय. वर हाय त्यो. फुलाच्या खाली."

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. गणपत पाना घेऊन वर चढला तेव्हा सजावटवाली मंडळी त्याच्या आधीच येऊन गेली होती. व्हॉल्व्हला, शिकंज्यासकट, हळदकुंकू वाहून हार घातलेला. वसमतची हळद, अगदी सढळ हातानं.

"देवाला वाहिलेलं ते. तेलाचे हात कसे लावू मी? म्हणलं, पूजा झाली की काढतो."

"अन् पूजा झाली की काय होतंय?" दाखवासाहेबांनी विचारलं.

गणपतनं भट्टीच्या दाराकडं बघितलं. मग शेषरावांकडं बघितलं.

"पेटतंय," तो म्हणाला.

गुरुजी म्हणाले, मुहूर्त टळून राहिलाय. तेव्हा इतका वेळ गप्प बसलेल्या काकूंनी पदर सावरला.

"गणपत, हात धू अन् वर जा. हार उचलून इकडं आण, मी भट्टीला वाहते. देव काय खालीवर बघत न्हाई." मग नवऱ्याकडं न बघता म्हणाल्या, "अन् त्यांचा हिशेब बिशेब राहू द्या."

चेअरमनसाहेब बोर्डाच्या मीटिंगमध्ये कुणाचं ऐकत नसत. इथं ऐकलं.

गणपतनं शिकंजा खाली आणला. त्याला हळदकुंकू तसंच होतं. काकूंनी त्यालाही नमस्कार केला. दाखवासाहेबांनी तो नेऊन आकड्यावर लटकवला, आणि डबा सरळ झाला. तो सरळ झाला की नाही हे बघायला खिडकीतून सगळ्यात आधी कुणी डोकावलं असेल तर चेअरमनसाहेबांनी. मग भट्टी पेटली. पेढे वाटताना चेअरमनसाहेबांनी दाखवासाहेबांच्या हातावर दोन ठेवले, पण त्यांच्याकडं बघितलं नाही.

पुढच्या वर्षापासून पूजेला बसायच्या आधी चेअरमनसाहेब स्वतःच विचारायचे, "डबा सरळ हाय का?" गुरुजींनी मुहूर्त काढताना त्यासाठी वेगळी वेळ धरायला सुरुवात केली. गॅगवरची हळद कित्येक हंगाम पुसली गेली नाही.

दाखवासाहेब निवृत्त झाले तेव्हा कारखान्यात कॉम्प्युटर बरेच झाले होते आणि चपला घालून बघता येत होते. शाल झाली, नारळ झाला. बोलायला उभे केल्यावर ते म्हणाले, "मागच्या रांगेतला पंखा हलतोय, त्याच्याखालून उठा." एवढंच भाषण. मागची रांग उठली.

त्यांना घरी सोडायला कारखान्याची जीप दिली होती. मी कळमनुरीला राहायचे, म्हणून मलाही घेतलं. शेषरावांची पाळी संपली होती, तेही स्वतःच्या डब्याची पिशवी घेऊन मागं बसले. जीप निघताना दाखवासाहेब परत खोलीत गेले आणि किसनचा डबा सोडवून घेऊन आले. ड्रायव्हरला म्हणाले, आधी तांड्यावर घ्या.

किसनची बायको अंगणात तूर पाखडत होती. केस पिकलेले, हात मात्र भराभर चाललेले. यांनी डबा पुढं केला. तिनं तो ओळखला, पण घेतला नाही.

"आत्ता आणला?"

"व्हय."

"मंग तवापासून काय केलं तुमी?"

जन्मभर दुसऱ्याला दाखवा म्हणत आलेला माणूस तिथं नुसता उभा राहिला. काय दाखवणार? न फुटलेला बॉयलर आकड्यावर लटकवता येत नाही.

शेषराव जीपमधून उतरले. पिशवीतून आपला रिकामा डबा काढला आणि तो हातात धरून साहेबांशेजारी जाऊन उभे राहिले.

तिनं त्यांना खालपासून वरपर्यंत बघितलं. "तुमी बॉयलरवर हाव?"

"व्हय ताई."

"रोज घरी जाता?"

"रोज. सांजच्याला."

तेव्हा तिनं डबा घेतला. झाकणावरच्या नावावरून बोट फिरवलं आणि आत निघून गेली. बराच वेळ आली नाही. आली तेव्हा डबा भरलेला होता. भाकरी, ठेचा, तुरीचं वरण. आलेल्या माणसाला असं कसं पाठवायचं, म्हणाली. रिकामा करून सावकाश आणून द्या.

'आणून देतो' एवढंच म्हणायचं होतं. दाखवासाहेबांनी ते न म्हणता अंगणातली बाज पुढं ओढली, दोन्ही हातांनी हलवून बघितली, आणि तिच्यावर बसून जेवू लागले. तिनं आम्हालाही वाढलं. ठेच्यानं त्यांच्या डोळ्यांना धार लागली होती. निदान त्यांनी कारण ठेच्याचं सांगितलं. शेवटचा घास झाल्यावर ते उठले, रांजणातलं पाणी घेऊन डबा स्वतःच्या हातानं विसळला, आणि तिच्या हातात दिला.

सांज होत आली होती. तिनं डबा आत नेला आणि बाकीच्या भांड्यांशेजारी फळीवर उपडा घातला.